वेटचा नवरा आणि तिसरं पान

वेटशी फारकत झाल्यावर फॉर आपली वळकटी घेऊन इंदूकाकूंच्या दारात येऊन उभा राहिला, कारण ती जोडी त्यांनीच जमवली होती.

इंदूकाकू तेव्हा फराळाचे रिकामे डबे उन्हात वाळत घालत होत्या. त्यांनी फॉरकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं आणि "चपला बाहेर काढ," एवढंच म्हणाल्या. या व्यवसायात आश्चर्य वाटून घ्यायची सवय त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. शिवाय कराडात रीतच तशी आहे. जोडी मोडली, तर उघड्यावर पडलेल्याला मध्यस्थानं घरी ठेवून घ्यायचं, दुसरीकडे सोय होईपर्यंत. लग्नात मध्यस्थाला पहिल्या पंगतीला बसवतात, जाताना टोपी-उपरणं नाहीतर खणाचं कापड देतात, ते काही त्याचं तोंड पाहून देत नाहीत.

इंदुमती रेठरेकर म्हणजे इंदूकाकू गावातल्या इंग्रजी क्रियापदांची स्थळं बघत असत. मराठीत ही कटकट नाही. आपल्याकडे 'ला', 'शी', 'वर', 'साठी' ही मंडळी जन्मतःच नामाला चिकटलेली असतात आणि मरेपर्यंत तिथंच राहतात. इंग्रजी क्रियापद मात्र दिसायला कितीही धडधाकट असलं, तरी बहुतेक वेळा पुढच्या माणसापर्यंत एकटं जात नाही. मध्ये ऑन, टू, ॲट, फॉर असं कुणीतरी लागतं. आणि नेमकं कोण लागतं हे कुठल्या शास्त्रात बसत नाही. पत्रिका झकास जुळलेली असते तिथं चार दिवस संसार टिकत नाही, आणि जिथं एक गुण जुळत नाही तिथं सोन्यासारखा चालतो. डिपेंडला ऑनच का आणि लाफला ॲटच का, असं कुणी खोदून विचारलं, तर काकू "गाठी वरती पडतात हो," म्हणून विषय मिटवत.

एकदा ठरलेली जोडी मात्र नीट नांदली पाहिजे, कारण गावाचं इंग्रजी त्यांच्यावर चालतं. लिसन आणि टूचं त्यांनीच जमवलं. टू मितभाषी, लिसन ऐकून घेणारी, आजतागायत तक्रार नाही. आज ॲट, उद्या फॉर, परवा आफ्टर असं लुकचं लफडं निस्तरता निस्तरता मात्र त्यांचे केस पिकले. डिस्कसची गोष्ट वेगळी. ती बिचारी मुळात एकटी राहणारी होती. व्याकरणाच्या पुस्तकातही तसंच लिहिलंय, तिला मध्ये कुणी लागत नाही. पण एकटी बाई गावाला बघवते का? चार बायका काकूंकडे आल्या, "अवो, चांगली धडधाकट बाई, कुणीतरी बघा की तिला," म्हणाल्या, आणि काकूंनी अबाउटशी तिची गाठ मारून दिली. मॅरीच्या गळ्यात विथ असाच बांधला गेला. आज कराडात कुणालाही विचारा, डिस्कस अबाउटशिवाय घराबाहेर पडत नाही. परगावचे शिकलेले लोक येतात, नाकं मुरडतात आणि आल्या वाटेनं परत जातात.

वेट आणि फॉर यांच्याबद्दल मात्र कुणाला नाक मुरडायला कधी जागा नव्हती. फॉर नावाची माणसं गावात पुष्कळ आहेत, जसा प्रत्येक आळीत एक बाळू असतो. हा वेटचा फॉर. वेट ही वाट बघणारी. ती शांतपणे थांबायची आणि कुणासाठी थांबायचं ते फॉर सांगायचा. इतकं साधं काम, इतका सरळ नवरा. म्हणून ही जोडी मोडल्याचं ऐकून लोकांना धक्का बसला, आणि काकूंना नुसताच थकवा आला.

त्या दुपारी काकूंनी पिठलं-भात केला आणि फॉरला पानं मांडायला सांगितली. त्यानं तीन मांडली.

"तिसरं कुणाचं?"

"येणाऱ्याचं," फॉर म्हणाला.

"कोण येणार आहे?"

"ते ठरायचंय, काकू. पण पान मांडलेलं बरं असतं."

काकूंनी पिठलं वाढायला घेतलं. त्यांच्या स्वतःच्या घरात माडीवरची खोली रोज झाडली जात होती आणि तिथल्या गादीवर धुतलेली चादर होती, हे त्यांना आठवलं. मुलगा हृषीकेश मेलबर्नला असे. तो डिसेंबरात यायचा होता. मागच्या डिसेंबरातही यायचाच होता आणि त्याच्या मागच्याही. त्यामुळे काकू डिसेंबरात कुठं जात नसत. धारवाडची धाकटी बहीण बोलावून बोलावून दमली होती.

तोवर गावात त्रास सुरू झाला होता. मराठीतलं वाट बघणं ठीक चालू होतं. दूधवाल्याची, एस्टीची, नळाच्या पाण्याची वाट लोक मराठीतच बघतात. पण काही ठिकाणी कामकाज इंग्रजीतून चालतं. तिथं लोक थांबत होते, मात्र कशासाठी थांबलोय ते त्यांना सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दातांचे डॉक्टर कोठारी पांढरा कोट घालून काकूंकडे आले.

"काकू, माझ्या दवाखान्यात पेशंट बसलेत. मी नाव पुकारतो, पण कोणी उठत नाही."

"का उठत नाहीत?"

"ते म्हणतात, आम्ही तुमच्यासाठी थांबलेलो नाही. आम्ही थांबलोय. आता त्यात मी काय बोलणार? बोर्ड इंग्रजीत आहे माझा. 'वेट' एवढंच उरलंय त्यावर."

"मराठी बोर्ड लावा."

"मराठी बोर्ड लावला तर पेशंट म्हणतील, फी कमी करा," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. काकूंनी त्यांना उरलेला चिवडा दिला आणि बघते म्हणाल्या.

पण काकूंना खरी काळजी दवाखान्याची नव्हती. दातांचं दुखणं असलेला माणूस आज ना उद्या स्वतःहून उठतो. काळजी रविवारची होती. दर रविवारी मेलबर्नहून फोन येई. हृषी थोडं बोले आणि मग फोन ईशानकडे देई. ईशान त्यांचा नातू, आठ वर्षांचा, आणि 'आजी' हा शब्द सोडला तर त्याला मराठीचा गंध नव्हता. काकू क्रियापदांच्या सोयरिकी जमवत असल्या, तरी त्यांना स्वतःला इंग्रजी बोलायची धड सवय नव्हती. आचारी सगळ्यांना जेवू घालतो आणि स्वतः चहावर राहतो, त्यातलाच प्रकार. ईशानशी बोलताना त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे. फोन ठेवायच्या आधी त्या म्हणत, "आय विल वेट फॉर यू." त्यावर तो म्हणे, "ओके, आजी!" त्या एका 'ओके'वर काकू पुढचा रविवार गाठत. आता ते वाक्य मोडलं होतं, आणि मोडलेल्या वाक्याचा अर्धा भाग त्यांच्याच स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता.

"तू परत जा तिच्याकडे," त्यांनी फॉरला सांगून पाहिलं.

"ती घेत नाही, काकू."

"काय केलंस तू?"

"मी काहीच केलं नाही," फॉर म्हणाला आणि सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकू लागला. "मी फक्त दाखवत होतो. हा बघ, ह्याच्यासाठी थांब. ती बघ, तिच्यासाठी थांब. मला दुसरं येत नाही."

बुधवारी शब्दव्यवहार कचेरीतले वाघमोडे साहेब स्वतः आले. गावातल्या शब्दांच्या नेमणुका, बदल्या आणि तंटे त्यांच्याकडे असत. वाघमोडे मनानं चांगले होते, पण कुठलीही अडचण दिसली की आधी तात्पुरती सोय करायची त्यांना खोड होती.

"काकू, तुमी मध्यस्थ, म्हणून तुमच्या कानावर घालतो," ते म्हणाले. "फारकत कायम व्हायच्या आदी एक फेरबैठक घ्याय लागती. ती शुक्रवारी हाय. तवर वेटबाईंच्या जोडीला म्या ऑनला दिलाय."

"ऑनला? अहो, तो डिपेंडचा!"

"दोन दिवस अतिरिक्त कार्यभार. तक्रार नको कुणाची."

काकूंनी कपाळाला हात लावला, पण साहेबांचा हुकूम निघून गेला होता. वेटशेजारी ऑन उभा केला की ती वाट बघायची सोडून लोकांच्या सरबराईला लागते, हे काकूंना ठाऊक होतं. गुरुवारी डॉक्टर कोठारींच्या दवाखान्यातले सगळे पेशंट उठले. त्यांनी डॉक्टरांना खुर्चीत बसवलं, चहा दिला, पोहे आणून दिले, आणखी थोडे घ्या म्हणून आग्रह केला. एका पेन्शनर गृहस्थांनी तर सुजलेला गाल एका हातानं धरून दुसऱ्या हातानं त्यांना वारा घातला. संध्याकाळी डॉक्टरांचं पोट बिघडलं. शुक्रवारी सकाळी ऑनला मूळ जागी परत पाठवण्यात आलं.

फेरबैठक कचेरीच्या मागच्या खोलीत झाली. वेट आधीच येऊन बसली होती. ती नेहमी सगळ्यांच्या आधी येते. साधी कॉटनची साडी, मांडीवर हात, चेहऱ्यावर राग नाही. उलट गेल्या आठवड्यापेक्षा तिचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता, आणि हे काकूंना मुळीच आवडलं नाही.

"मारहाण?" वाघमोड्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"दारू?"

"नाही."

"सासरचा जाच?"

"ह्यांचं कुणी नाही. सगळे असेच दोन-तीन अक्षरांचे, ज्याच्या त्याच्या घरी."

"मग बाई, अडचन काय हाय?"

वेटनं जरा विचार केला. "आमच्या संसारात कायम एक तिसरा माणूस असतो, साहेब."

वाघमोडे सरसावून बसले. या जातीची प्रकरणं त्यांच्या परिचयाची होती. "बाई का बाप्या?"

"कधी बाई, कधी बाप्या. कधी परीक्षेचा निकाल, कधी व्हिसा. एकदा उन्हाळाभर पाण्याचा टँकर होता. हे घेऊन येतात आणि मी बघत बसायचं. रोज त्याचं पान मांडायचं. तो येत नाही. अन्न निवतं, मी ते संध्याकाळी खाते. आणि चुकून आलाच, तर हे दुसऱ्या दिवशी नवा शोधून आणतात. आमच्या घरी आम्ही दोघं कधी जेवलोच नाही."

फॉर खाली मान घालून बसला होता. "माझं कामच ते आहे," तो हळूच म्हणाला.

"ह्यांचा काही दोष नाही," वेट म्हणाली. "मी दमलेय."

"म्हंजे थांबायचं काम सोडणार तुमी?"

"नाही. थांबणार. मला थांबायला आवडतं. पण नुसतं थांबणार, कुणासाठी नाही."

वाघमोड्यांनी काकूंकडे पाहिलं. "असं निस्तं थांबता येतंय व्हय, काकू?"

येतं, हे काकूंना माहीत होतं. वेट एकटी राहू शकते, पुस्तकात तसं स्पष्ट आहे. ही गोष्ट त्यांनी आजवर मनाआड केली होती, डिस्कसच्या वेळी केली होती तशीच. पण त्या मध्यस्थ म्हणून आल्या होत्या, आणि मध्यस्थानं जोडायचं असतं, तोडायचं नसतं. शिवाय परवा रविवार होता.

"हे बघ, बाळे," त्या वेटला म्हणाल्या, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. एकटीनं राहणं सोपं नसतं. लोक चार तोंडांनी बोलतात. सणावाराला घर खायला उठतं. मी काढलंय ना एकटीनं, मला विचार. निदान या रविवारपुरती तरी ये. तेवढा फोन होऊ दे माझा. मग दोघं काय ते ठरवा."

"काकू," वेटनं विचारलं, "तुमचा मुलगा किती वर्षं येणार आहे?"

तिनं हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण एवढा सगळा काळ हृषीसाठी थांबायचं काम तीच करत होती. काकूंना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्या खिडकीबाहेरच्या सायकली बघत बसल्या. वाघमोड्यांनी खाकरून फारकत कायम झाल्याचं जाहीर केलं. सगळ्यांना चहा आला.

निघताना वेट फॉरला म्हणाली, "तुमची कानटोपी राहिलीय घरी. थंडी पडायला लागलीय. आणून देईन."

"सवडीनं दे," फॉर म्हणाला.

शनिवारी काकूंनी फॉरसाठी दुसरी स्थळं चाचपून पाहिली. लीव्हकडे जाऊन आल्या. ती कायम बॅग भरून बसलेली, तिचा आधीचा फॉर नुकताच निघून गेला होता, पण तिलाही इतक्यात नको होतं. आस्कच्या घरी मागणं संपत नव्हतं. काकू संध्याकाळी घरी आल्या तेव्हा फॉरनं दिवा लावून ठेवला होता आणि पानं मांडली होती. तीन. काकूंना त्याची कीव आली आणि मग स्वतःचीही आली. दोघांनी जेवण केलं. तिसऱ्या पानातली पोळी काकूंनी सकाळी कुस्करून फोडणीला टाकली.

रविवारी फोन आला.

"आई, डिसेंबरचं जरा कठीण दिसतंय गं," हृषी म्हणाला. "ईशानचा पोहण्याचा कॅम्प निघालाय. आणि तिकिटं बघितलीस का? एप्रिलमध्ये बघतो. नक्की."

"बरं," काकू म्हणाल्या.

"चिडलीस का?"

"नाही रे. जेवलास का?"

"हो, झालं. हा घे, ईशान बोलतोय."

"हाय, आजी!"

"हाय, बाळा."

मग ईशान भराभरा पोहण्याबद्दल काहीतरी सांगू लागला. काकूंना त्यातलं पाणी तेवढं कळलं. त्याचं बोलून झालं आणि नेहमीच्या वाक्याची वेळ आली. काकूंनी सवयीनं सुरुवात केली.

"आय विल वेट," त्या म्हणाल्या.

एरवी इथं फॉर पुढं होत असे आणि त्याचा हात धरून वाक्य नातवापर्यंत जाई. आज फॉर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. त्याचे ओठ हलले, पण त्याला पाऊल पुढं टाकता येत नव्हतं. फारकत कायम झालेली होती. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं काकूंना झालं.

मग ईशाननं विचारलं, "फॉर व्हॉट, आजी?"

तिकडचा फॉर वेगळा. पोराच्या तोंडात जन्मापासून वाढलेला, न बोलावता येणारा. प्रश्नही साधाच होता. वाक्य अपुरं राहिलं म्हणून मुलानं विचारलं. पण इतक्या वर्षांत काकूंना हे कुणी विचारलं नव्हतं, कारण उत्तर नेहमी वाक्यातच तयार असे. आता ते नव्हतं. काकूंनी मनात शोधलं. माडीवरची खोली दिसली, धुतलेली चादर दिसली, बाजूला काढून ठेवलेला आणि दर मार्चमध्ये खवट होणारा चकल्यांचा डबा दिसला. त्या खोलीत कोण यायचं होतं, त्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येईना. आला तो शाळेच्या गणवेशातला हृषी, आणि तो तर आता कुठंच नव्हता.

"डोन्ट नो, बाळा," त्या म्हणाल्या.

"ओके, आजी! बाय!"

फोन बंद झाला. काकू रडल्या. बरंच रडल्या, पदर तोंडाशी न धरता, कारण घरात ऐकणारा फॉर तेवढा होता आणि तो कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता. त्यानं त्यांना पाणी आणून दिलं. मग त्या मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या, आमटीला उकळी आणली आणि भात उतरवला.

फॉरनं पानं मांडली. तिसरं मांडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो ओशाळला आणि ते उचलायला वाकला.

"असू दे," काकू म्हणाल्या.

"पण कुणी ठरलेलं नाही, काकू. या वेळी माझ्याही मनात कुणी नाही. हात आपोआप गेला."

"असू दे म्हटलं ना. पान काय खायला मागतंय?"

तेवढ्यात दाराची कडी वाजली. फॉर उघडायला गेला नाही. दारात येणारा माणूस हा प्रकार त्याला नवा होता, नेमकं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. काकूच उठल्या. बाहेर वेट उभी होती, हातात घडी केलेली कानटोपी. बराच वेळ उभी असावी, पण ती तक्रार करणाऱ्यातली नव्हे.

"ही द्यायला आले," ती म्हणाली. "जेवताय वाटतं. मग येते."

"बस जेवायला. पान मांडलेलंच आहे."

वेटनं आत डोकावून पानाकडे पाहिलं, मग फॉरकडे पाहिलं. तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा ओढल्यागत झाला. "कुणासाठी?"

"कुणासाठी नाही," काकू म्हणाल्या. "नुसतंच मांडलंय."

वेट थोडा वेळ उंबऱ्याशी थांबली. मग तिनं चपला बाहेर काढल्या, कानटोपी खुंटीला अडकवली आणि तिसऱ्या पानावर येऊन बसली. फॉरनं भात वाढला. काकूंनी त्यावर आमटी घातली आणि तूप घेतेस का म्हणून विचारलं.